धूमकेतूचा तिसरा उजेड

धूमकेतूला आपल्या घरांतील जुनी माणसे शेंडेनक्षत्र म्हणत. आकाशाला शेंडी फुटली की राजाला किंवा रयतेला काहीतरी भोगावे लागणार, ही समजूत त्या शब्दाला चिकटलेली असे. ती केवळ अडाण्यांची समजूत होती असे मात्र नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेचा अकरावा अध्याय ‘केतुचार’ म्हणून धूमकेतूंनाच दिला आहे, आणि त्यात शुभाशुभ फळांची मोठी यादी आहे. तरी त्याच अध्यायाच्या प्रारंभी एक मतभेद नोंदवलेला आहे. कोणी केतू एकशेएक मानतात, कोणी हजार मानतात, नारदमुनी मात्र म्हणतात की केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. फलज्योतिषाच्या रानात उभा असलेला हा मतभेद मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यात ‘याचे काय फळ?’ हा प्रश्न नसून ‘हे आहे तरी काय?’ हा प्रश्न आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धूमकेतूच्या प्रकाशातून मिळत गेले. हा प्रकाश एक नव्हे, तीन प्रकारचा आहे. पहिला उजेड धुळीचा. धूमकेतूबरोबर सुटलेली धूळ सूर्यप्रकाश परतवते, जशी संध्याकाळी गुरांच्या पायांची धूळ सोनेरी दिसते तशी. दुसरा उजेड वायूंचा. धूमकेतूचे वायू सूर्यप्रकाशातील ठरावीक रंग शोषून घेतात आणि पुन्हा बाहेर टाकतात. १८६४ साली इटलीत दोनाती यांनी धूमकेतूचा प्रकाश प्रथमच वर्णपटदर्शकातून पाहिला; चार वर्षांनी इंग्लंडात हगिन्झ यांनी त्यातील पट्टे कार्बनयुक्त वायूंचे असल्याचे ताडले. पुढे सायनोजेन या विषारी वायूची खूणही त्यात सापडली आणि १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी हॅलीच्या शेपटीतून जाणार म्हणताच युरोप-अमेरिकेत घबराट उडाली. धूमकेतूविरोधी गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. शेंडेनक्षत्राला भिणारे केवळ आपणच नव्हतो, एवढे यावरून ध्यानात यावे.

तिसरा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो सापडला १९९६ साली, आणि तोही जवळजवळ अनपेक्षितपणे. त्याची हकीकत सांगताना मी हैदराबादेतून, त्यातही तारनाक्यावरून, सुरुवात करणार आहे. या उजेडाचे जे दोन जनक, म्हणजे सूर्याचा प्रभामंडल आणि धूमकेतू, त्या दोघांनाही आपल्या गावच्या वेधशाळेने अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने डोळे भरून पाहिले होते. त्यांचे अपत्य मात्र इथल्या कोणत्याही दुर्बिणीला दिसणे शक्य नव्हते.

निजामिया वेधशाळेची कथा आपल्या सभासदांपैकी अनेकांना ठाऊक असेल. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने इंग्लंडातून पंधरा इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि १९०१ साली फिसलबंड येथे आपली वेधशाळा उभारली. १९०७ मध्ये ते निवर्तले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेऊन ती बेगमपेठेस हलवली. चॅटवुड, पोकॉक, भास्करन आणि अकबर अली या संचालकांच्या कारकिर्दींत तिथे आंतरराष्ट्रीय खगोलनकाशाचे चिकाटीचे काम चालले. आकाशाचा दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांमधील पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला होता. काचेच्या पट्ट्यांवर रात्रीमागून रात्री छायाचित्रे घ्यायची, दिवसा एकेका ताऱ्याचे स्थान मोजायचे, आणि खंडामागून खंड छापायचे, असे हे काम. त्यातून लक्षावधी ताऱ्यांची नोंद झाली. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

याच वेधशाळेतील एका सहायकाचा मुलगा म्हणजे वेणू बापू. वडिलांच्या बोटाला धरून वेधशाळेत वाढलेला, निजाम कॉलेजात शिकलेला हा तरुण हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९४९ मध्ये हार्वर्डला गेला. तिथे काही महिन्यांतच, २ जुलै १९४९ रोजी, त्याला छायाचित्राच्या काचेवर एक अनोळखी पुसट डाग दिसला. तो नवा धूमकेतू निघाला. बापू, बोक आणि न्यूकर्क अशा तिघांची नावे त्याला मिळाली, आणि बापूंना त्याबद्दल डोनोहो पदकही लाभले. हैदराबादच्या माणसाचे नाव धूमकेतूला लागले ते असे. मात्र बापूंनी पाहिला तो पहिल्या दोन प्रकारचा उजेड होता.

१९६० च्या सुमारास आपल्या कथेत एक मराठी नाव येते. कै. कृष्णाजी दामोदर अभ्यंकर. अमेरिकेत बर्कली येथे पीएच.डी. करून आलेले अभ्यंकर उस्मानियाच्या खगोलशास्त्र विभागात आले आणि पुढे विभागाची व निजामिया वेधशाळेची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. बेगमपेठेत तोवर विमानतळ, दिवे आणि धूर यांनी रात्र मळून गेली होती. म्हणून शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर, जपाल आणि रंगापूर या दोन खेड्यांच्या परिसरात, अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसवण्यात आली. तिची जुळणी १९६८ च्या सुमारास पुरी झाली. १९८६ साली तमिळनाडूत कावलूर येथे मोठी दुर्बीण सुरू होईपर्यंत इतक्या मोठ्या आरशाची दुसरी दुर्बीण देशात नव्हती. ताऱ्यांची युग्मे आणि वातावरणातून होणारे प्रकाशाचे विकिरण हे अभ्यंकरांचे मुख्य विषय. सूर्यमालेच्या खगोलभौतिकीवर त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले, वेदांगज्योतिषावरही लिहिले. निवृत्तीनंतरच्या त्यांच्या लेखांखाली तारनाक्याचा पत्ता छापलेला आढळतो. तारनाका हे नाव काटेरी तारेच्या कुंपणावरून आणि चौकीच्या नाक्यावरून पडले असे सांगतात. ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. पण निदान एका रहिवाशापुरता तो संबंध खरा होता.

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण वाचकांना आठवत असेल. त्या दुपारी शहरातले रस्ते ओस पडले होते आणि बहुतेक लोक दारे-खिडक्या लावून घरांत बसले होते. ग्रहणाचा मध्यपट्टा रंगापूरवरून जात होता, आणि देशोदेशीची पथके तिथे डेरे टाकून होती. खग्रासाच्या त्या दोन-अडीच मिनिटांत सूर्याभोवती जो मोतिया रंगाचा प्रभामंडल दिसतो, त्याच्या प्रकाशात एक हिरवी रेषा असते. १८६९ साली ती प्रथम आढळली आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हे म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. या रेषेचा मराठी मुलखाशीही संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तिची तरंगलांबी नव्याने मोजून आधीची चूक दुरुस्त केली. पुण्याचे नायगमवालाही त्या वेळी जेऊरलाच होते, तर लॉकियर विजयदुर्गावर. (हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून लागला ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. परंतु १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले या तीस वर्षांनंतरच्या ग्रहणाला.) सत्तर-बहात्तर वर्षे कोरोनियम पुस्तकांत नांदले. १९४० नंतर स्वीडनचे एडलेन यांनी दाखवून दिले, की हे नवे मूलद्रव्य वगैरे काही नसून तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले साधे लोखंड आहे. लोखंडाची अशी लूट व्हायची तर प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक हवे. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत, आणि त्याच्या वरची विरळ हवा मात्र दशलक्षांत!

असा प्रभामंडल एका जागी टिकत नाही, तो सतत बाहेर वाहतो. हे प्रथम सांगितले ते धूमकेतूंनीच. धूमकेतूची निळसर वायुशेपटी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला नसते, काही अंशांनी मागे कललेली असते, हे होफमाइस्टर यांनी १९४३ मध्ये मोजले. केवळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने हे घडणार नाही. सूर्याकडून कणांचा झोत अखंड येत असला पाहिजे, असा निष्कर्ष जर्मनीत बीरमान यांनी १९५१ साली काढला. पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याचे गणित मांडले, आणि १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला. सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आगेमागे वेग असलेला हा सौरवात. देवळाच्या शिखरावरील ध्वज जसा वाऱ्याची दिशा दाखवतो तसा धूमकेतू सौरवाताची दिशा दाखवत होता, यान जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

रंगापूरच्या माळावर १९८० मध्ये प्रभामंडल पाहून झाला. सहा वर्षांनी हॅली आला. ९ फेब्रुवारी १९८६ रोजी तो सूर्याला वळसा घालून गेला आणि मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या दक्षिण आकाशात दिसू लागला. गच्च्यांवर चढून पाहणाऱ्या बहुतेकांची निराशा झाली. १९१० च्या आठवणी ऐकून वाढलेल्या पिढीला कापसाच्या बोळ्याएवढा पुसट ठिपका पाहून काय वाटले असेल, हे निराळे सांगायला नको. रंगापूरच्या दुर्बिणीतून मात्र त्याचे वेध घेतले गेले. त्याच मार्च महिन्यात रशियाची दोन वेगा याने आणि युरोपचे जोत्तो यान हॅलीच्या अगदी जवळून गेले. जोत्तो तर १४ मार्चला सुमारे सहाशे किलोमीटरवरून.

या यानांच्या उपकरणांनी एक गोष्ट नोंदवली, तिच्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. सौरवातातील विद्युतभारित कण धूमकेतूच्या वायूत शिरताना त्या वायूंचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेत होते. दोन्ही इलेक्ट्रॉन गमावून निघालेला हेलियम तिथे एक इलेक्ट्रॉन परत मिळवलेला सापडत होता. परिभाषेत याला विद्युतभाराचे हस्तांतर म्हणतात. म्हणजे चोरी १९८६ मध्येच उघडकीस आली होती. चोराने चोरलेला माल पुढे काय केला, हा साधा प्रश्न मात्र त्या वेळी मांडला गेला नाही. तो मांडला असता तर तिसऱ्या उजेडाचे भाकीत दहा वर्षे आधी झाले असते, असे माझे मत आहे. शास्त्रज्ञांना दोष देण्याचा यात हेतू नाही. बर्फाच्या गोळ्यातून क्ष-किरण निघतील असे मनात येणेच कठीण होते. क्ष-किरण म्हणजे दशलक्ष अंशांची भट्टी, हे समीकरण ठरून गेलेले होते. १९७९ च्या ब्रॅडफील्ड धूमकेतूकडे आइन्स्टाइन नावाच्या उपग्रहावरील दुर्बीण वळवून पाहिली होती, पण तिच्या हाती काही लागले नव्हते.

३० जानेवारी १९९६ रोजी जपानचे हौशी निरीक्षक युजी ह्याकुताके यांना एक धूमकेतू सापडला आणि दोनच महिन्यांत, २५ मार्चला, तो पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवर आला. अमेरिकेचे कॅरी लिसे आणि जर्मनीचे कोनराड डेनर्ल यांच्यासह एका पथकाने रोझॅट या जर्मन क्ष-किरण उपग्रहाचा वेळ त्याच्यासाठी मागून घेतला होता. आशा फार नव्हती. २७ मार्चला रोझॅटने पाहिले तेव्हा धूमकेतू क्ष-किरणांत लखलखत होता. आधीच्या अंदाजांपेक्षा शंभरेक पटींनी अधिक. त्याहून चमत्कारिक होता तो त्याचा आकार. उजेड गाभ्यात नव्हता, शेपटीतही नव्हता. गाभ्यापासून हजारो किलोमीटर पुढे, सूर्याच्या बाजूला, चंद्रकोरीसारखा तो पसरला होता. मग रोझॅटच्या १९९०-९१ मधील जुन्या नोंदी उकरल्या गेल्या, आणि त्यांतही आणखी काही धूमकेतू चमकताना सापडले. पाच-सहा वर्षे तो उजेड दप्तरात पडून होता, कोणी तो मागितला नव्हता इतकेच.

स्पष्टीकरणांची गर्दी झाली. सूर्याचे क्ष-किरण अतिसूक्ष्म धुळीवरून परतत असतील, वेगवान इलेक्ट्रॉन वायूवर आपटत असतील, असे कितीतरी तर्क झाले. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे थॉमस क्रॅव्हन्स यांनी १९९७ मध्ये ती जुनी चोरी पुन्हा समोर आणली. सौरवातात बहुतांश हायड्रोजन आणि हेलियम असला, तरी थोडा ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन आणि लोखंडही असते. प्रभामंडलाच्या भट्टीत ऑक्सिजनने आपल्या आठपैकी सहा-सात इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. वाटेत अवकाश इतका रिकामा, की ते परत मिळत नाहीत. असा उपाशी ऑक्सिजन धूमकेतूच्या थंड पाण्याच्या वाफेजवळून जाताना एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. आपटण्याचीही गरज नसते, जवळून जाणे पुरते. मात्र आलेला इलेक्ट्रॉन एकदम तळमजल्यावर जाऊन बसत नाही. तो वरच्या एखाद्या मजल्यावर थबकतो आणि मग खाली उतरतो. उतरताना जी ऊर्जा सुटते ती क्ष-किरणांच्या रूपाने.

इथे एक गैरसमज होण्यासारखा आहे. दोन दगड आपटून ठिणगी पडावी तसा हा उजेड धक्क्याच्या जोराने निघत नाही. त्याची ऊर्जा त्या ऑक्सिजनच्या रितेपणात आधीच साठवलेली असते, आणि तो रितेपणा प्रभामंडलात आलेला असतो. म्हणजे थंडगार वाफेपाशी जे चमकते ते काही दिवसांपूर्वी सूर्यापाशी सोसलेल्या दशलक्ष अंशांचे ऋण असते. रंगापूरच्या निरीक्षकांनी १९८० मध्ये पाहिलेल्या हिरव्या रेषेतले तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड आणि या उजेडातला ऑक्सिजन हे एकाच घरचे. कोर सूर्याच्या बाजूला का, हेही मग उलगडते. वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूला त्याची भूक भागते. गाभ्यापर्यंत पोचेतो देण्यासारखे फारसे उरलेले नसते.

क्रॅव्हन्स यांचा तर्क खरा असेल, तर उजेड सलग नसावा; ऑक्सिजन, कार्बन यांच्या सुट्या रेषांचा असावा. रोझॅटची नजर तेवढी बारीक नव्हती. जुलै २००० मध्ये चंद्रा या अमेरिकन उपग्रहाने लिनियर नावाच्या धूमकेतूकडे पाहिले आणि ऑक्सिजन व नायट्रोजनच्या आयनांच्या खुणा मिळाल्या. या उपग्रहाचे नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून दिलेले आहे, हे सांगायला हवे काय? सूर्यमालेतील क्ष-किरणांचा पुढे जो विस्तृत आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे पहिले लेखक अनिल भारद्वाज हे भारतीय शास्त्रज्ञच आहेत.

आता तारनाक्याकडे परत येतो. हैदराबादजवळ क्ष-किरणांचे आकाश पाहण्याची सोय नव्हती असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने २८ एप्रिल १९६८ रोजी इथूनच प्रचंड फुगा सोडून वृश्चिक राशीतील प्रखर क्ष-किरण-स्रोताचे वेध घेतले. त्या पथकात श्रीकंटन, अगरवाल यांच्याबरोबर गोखले आणि कुंटे हेही होते. पुढे मौला अलीच्या बाजूला, तारनाक्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, फुग्यांचे कायमचे केंद्र झाले. फुगे पस्तीस-चाळीस किलोमीटर उंच जात. प्रखर क्ष-किरणांना ती उंची पुरते. परंतु धूमकेतूचे क्ष-किरण फार मवाळ असतात. वातावरणाचा अगदी वरचा, विरळ थरही त्यांना गिळून टाकतो. एका अंगाला अठ्ठेचाळीस इंचांची दुर्बीण, दुसऱ्या अंगाला फुगे, आणि या दोन्हींच्या मधल्या वस्तीत राहणारे आपण. १९८६ च्या त्या पहाटे गच्चीवरच्या निराश माणसांच्या डोक्यावर हॅली तिसऱ्या उजेडाने चमकत असला पाहिजे, पण त्याची वार्ता जमिनीपर्यंत येणारी नव्हती.

हा शोध धूमकेतूंपुरता राहिला नाही. पृथ्वीच्या वातावरणाची बाह्यतम विरळ कडा आणि सूर्यमालेत वाहत येणारा आंतरतारकीय वायू यांच्याशीही सौरवात हीच देवघेव करतो. रोझॅटच्या नकाशांत सगळ्या आकाशभर जो मवाळ क्ष-किरणांचा झगमगाट दिसे, तो दूरच्या तप्त वायूचा असे मानले जाई. डिसेंबर २०१२ मध्ये सोडलेल्या एका अग्निबाणाच्या मोजमापांवरून असे निघाले, की आकाशगंगेच्या पातळीत यांतील सुमारे चाळीस टक्के उजेड आपल्याच अंगणातला, सौरवाताच्या चोरीचा आहे. दूरचा दिवा समजून ज्याकडे पाहिले त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग खिडकीच्या काचेवरचा होता!

बेगमपेठेतील वेधशाळेच्या आवारात आर्थिक व सामाजिक अभ्यासाची संस्था आली, आणि आकाशदर्शन तिथून केव्हाच उठले. रंगापूरच्या दुर्बिणीचीही पुढच्या दशकांत उपेक्षा झाली. हे मला खटकते. रोझॅटच्या जुन्या दप्तरातून धूमकेतू निघाले ते दप्तर जपलेले होते म्हणून. निजामियातील काचेच्या पट्ट्यांवर आणि रंगापूरच्या वह्यांत काय आहे, ते उद्या कोणत्या प्रश्नाच्या उपयोगी पडेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. वस्तुसंग्रहालयात घुमटाची प्रतिकृती ठेवण्यापेक्षा त्या पट्ट्या कोरड्या जागी ठेवणे स्वस्तही आहे आणि गरजेचेही.

भारताच्या आदित्य-एल१ यानाने २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रस्थान ठेवले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते आपल्या जागी पोचले. त्यावरील एक उपकरण सौरवातातील हायड्रोजन आणि हेलियमचे कण मोजते, दुसरे प्रभामंडलाकडे पाहते. ज्यासाठी रंगापूरला ग्रहणाची दोन-अडीच मिनिटे साधावी लागत, त्या प्रभामंडलाचे दर्शन तिथे रोजचे झाले आहे. हॅली मात्र सध्या फार दूर आहे. ९ डिसेंबर २०२३ रोजी नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे तो आपल्या वाटेच्या टोकाला जाऊन परत फिरला. तिथे सूर्याची ऊब नाही, गाभ्यातून वाफ सुटत नाही, आणि सौरवाताला हिसकावून घेण्यासारखे त्याच्याजवळ काही नाही. जुलै २०६१ मध्ये तो पुन्हा सूर्याजवळ येईल.